नवव्याच्या तळटिपा

“पाचवाच. परत पाचवाच. उद्या मला उचलून नेतील ना, तेव्हाही हेच लावतील. आणि मी उठून बसेन, बंद करा म्हणून सांगायला.”

ऑपरेटरबाई हे ताईच्या उजव्या कानाशी पुटपुटल्या, ओठ न हलवता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली बाई. कुणाच्या कानात किती आवाजात बोललं म्हणजे शेजारच्याला कळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रेकॉर्डची बाजू वाजत असताना बोलायचं नाही हा इथला नियम. खोकला आला तर उठून पुढे दुकानात जायचं, खोकायचं आणि परत यायचं. ताई नुसती हसली. तिला पाचव्याचं काही नव्हतं. तिचं लक्ष खुर्चीकडे होतं.

खोली म्हणजे चष्म्याच्या दुकानामागची डोळे तपासायची खोली. खिडकीच्या काचा काळ्या रंगवलेल्या, समोरच्या भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, आणि मधोमध दट्ट्या दाबला की वर-खाली होणारी ती खुर्ची. रविवारी दुपारी दुकान बंद असायचं. तेव्हा दुकानाचा मालक त्या खुर्चीत बसायचा, खुर्ची पार वर घेऊन. बाकीचे स्टुलांवर: गणिताचे सर, नळदुरुस्ती करणारा नळवाला, ऑपरेटरबाई आणि ताई. त्याला कुणी कधी निवडून दिलेलं नव्हतं, तरी सगळे त्याला अध्यक्ष म्हणत. ताईही तोंडावर ‘अहो अध्यक्ष’ म्हणायची. मनातल्या मनात मात्र अरे-तुरे.

ही मंडळी एकाच बँडची भक्त. पाच जणांचा बँड, ऐन तारुण्यात वीस-वीस मिनिटांची गाणी करणारा. एका गाण्यात जेवण उरकून ताट धुऊन होतं, असं ऑपरेटरबाई म्हणत. बँडवाले आता सत्तरीला टेकले होते, तरी दोन-चार वर्षांनी नवा अल्बम काढत होतेच. इथे अल्बमला नावानं हाक मारत नसत, नावं घेणं हे नवख्यांचं काम. पहिला, दुसरा, तिसरा, असेच मोजायचे. पाचव्यानंतर ऑर्गन वाजवणारा भांडून निघून गेला आणि दुसरा आला. तिथे अध्यक्षानं रेघ ओढली होती. पाचव्यापर्यंत संगीत, सहाव्यापासून पेन्शन. शब्द त्याचाच. “पेन्शनीतलं काही लावू नका हं,” एवढं तो म्हणाला की सहावा, सातवा, आठवा, सगळे न वाजताच मुकाट्यानं पिशवीत परत जात.

ताईचा धंदा पुस्तकबांधणीचा. कुणी शिकवलेला नाही. एक जुना शब्दकोश उसवला, पुन्हा शिवला, आणि तिथून सुरुवात. वह्या, रजिस्टरं, प्रबंध, आणि या मंडळींची फाटकी रेकॉर्ड-कव्हरं. पुठ्ठ्याच्या कडा उसवल्या की यांचा जीव कासावीस व्हायचा. इतकी कव्हरं हाताखालून गेल्यावर ती हळूहळू रविवारी बसायलाच लागली. सगळ्यांना वाटलं, बाईला गोडी लागली.

गोडी कसली! ती सहा वर्षं दबा धरून बसली होती.

तिचा धाकटा भाऊ पूर्वी याच खोलीत यायचा. नकाशे काढायचं काम त्याचं, गावाखालून जाणाऱ्या सांडपाण्याच्या नळांचे नकाशे. हात असा सरळ की पट्टी लाजावी. बोलायला मात्र अडखळणारा. मंडळींचा एक अंक निघायचा, आठ-दहा पानांची फोटोकॉपी, संपादक अर्थातच अध्यक्ष. बोलताना जे जमायचं नाही ते धाकट्यानं लिहून काढलं आणि अंकाला दिलं. नवव्या अल्बमवर, अगदी ऐन पेन्शनीतल्या अल्बमवर, साडेतीन पानं. त्याचं म्हणणं इतकंच की हे लोक म्हातारे झालेत आणि नवव्यात त्यांनी ते लपवलेलं नाही, म्हणून नववा पाचव्याहून खरा आहे.

अध्यक्षानं लेख छापला. एक अक्षर कापलं नाही. फक्त खाली तळटिपा टाकल्या. चौदा. ‘बँड म्हातारा झाला आहे’ याच्याखाली: ‘लेखकाचे केसही गेल्या वर्षापासून विरळ आहेत.’ ‘इथे माझ्या डोळ्यांत पाणी आले’ याच्याखाली: ‘दुकानात या, थेंब देतो.’ आणि सगळा लेख संपल्यावर: ‘पेन्शनरांच्या तक्रारी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऐकल्या जातील.’ मग त्या रविवारी खुर्ची वर घेऊन लेख तळटिपांसकट मोठ्यानं वाचून दाखवला. गणिताचे सर हसून हसून स्टुलावरून घसरले. नळवाला हसला. ऑपरेटरबाईही हसल्या, हे त्यांनीच पुढे ताईला सांगितलं. धाकटाही हसला म्हणे. आपल्यावरच्या विनोदाला आपणच आधी हसलं की कमी लागतं, असं काही माणसांना वाटतं.

घरी येऊन तो काही बोलला नाही. ताईला कळलं ते महिन्याभरानं, पुस्तकाच्या पाठीला आतून लावायला रद्दी फाडताना. रद्दीच्या गठ्ठ्यात तो अंक निघाला. तिनं वाचला. मग जिन्याखाली गेली. तिथे धाकट्याच्या सगळ्या रेकॉर्डी एका खोक्यात होत्या, वरून चिकटपट्टी मारलेली, आणि त्याच्या त्या सरळ अक्षरात लिहिलेलं: ‘ताई, कुणाला हव्या असतील तर देऊन टाक.’

तिनं त्या दिल्या नाहीत. तेव्हापासून घरात गाणं म्हणून वाजलं नाही. धाकटा आधी नकाशा काढताना तोंडानं ढोल वाजवायचा, जीभ टाळूला लावून. तेही थांबलं. आता तो बातम्या ऐकायचा. हवामानसुद्धा शेवटपर्यंत ऐकायचा.

या खोलीत पुढे त्याचा विषय कुणी काढला नाही. ताईसमोर तर नाहीच. नववा म्हटलं की सर घसा खाकरत, नळवाला चहाला उठे. कधी बोलावंच लागलं तर ‘ते प्रकरण’ म्हणत. प्रकरण! जिवंत माणूस, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, रोज सकाळी याच दुकानावरून कामाला जाणारा.

सहा वर्षांत ताईनं बारीकसारीक सूड घेतले होते. अध्यक्षाच्या पाचव्याचं कव्हर दुरुस्तीला आलं की ती दर वेळी कड एक सूतभर आत घेऊन शिवायची. चार दुरुस्त्यांनंतर रेकॉर्ड कव्हरात जाताना अडायला लागली. अध्यक्ष कुरकुरायचा, “दमट हवेनं फुगली की काय हो ही?” ताई म्हणायची, “वयाप्रमाणे सुटतं थोडं अंग.” त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं. पण एवढ्यानं काय होतंय? तिला हवं होतं ते वेगळंच. याच खोलीत, याच मंडळींसमोर, त्याच खुर्चीतून त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं होतं की नववा चांगला आहे. मग ती घरी जाऊन धाकट्याला सांगणार होती. शब्दन् शब्द.

तिनं तो नववा किती वेळा ऐकला असेल याला गणती नाही. धाकटा कामावर गेला की खोक्यातून काढायची, ऐकायची, फडक्यानं पुसून परत ठेवायची. आपल्याला तो आवडतो का, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. सुरीला विचारतो का आपण, भाजी आवडते का म्हणून?

आणि ऐकता ऐकताच युक्ती सुचली. तिनं पांढरा कोरा कागद गोल कापला, रेकॉर्डच्या मधल्या लेबलापेक्षा बोटभर मोठा, म्हणजे लेबलाशेजारी काळ्या भागावर कोरलेला नंबरही झाकला जाईल. ही मंडळी तो नंबर भिंगातून वाचत, हे तिला माहीत होतं. खळ पातळ केली, इतकी पातळ की ओला स्पंज फिरवला की कागद अलगद सुटावा. दोन्ही बाजूंना गोल चिकटवले. वर जुन्या बोरूनं एक तारीख टाकली, चौथ्या आणि पाचव्याच्या मधली.

धाकटा पाणी प्यायला आत आला तेव्हा ती रेकॉर्डवर वजन ठेवत होती.

“काय गं, आज रविवारी पण?”

“घाईचं काम आहे.”

तो टेबलाकडे बघत राहिला. पांढऱ्या गोलाकडे.

“खळ जास्त झाली तर सुरकुती पडेल,” तो म्हणाला.

“तू मला बायंडिंग शिकव आता.”

“नाही गं बाई,” तो म्हणाला आणि ग्लास विसळून, पालथा घालून निघून गेला. त्यानं काय ओळखलं असेल किंवा नसेल, याचा विचार करायला ताईला सवड नव्हती. तिच्या मनात तोफ भरून तयार होती.

तर, त्या रविवारी पाचव्याची बाजू संपली. अध्यक्षानं डोळे उघडले. “आहे का पुढे कुणाची टाप?” तो दर वेळी म्हणायचा तसं म्हणाला. सरांनी मान डोलावली. ताईनं पिशवीतून कोऱ्या कव्हरातली रेकॉर्ड काढली.

“माझ्याकडे एक बाई येतात, सासऱ्यांचे कागद बांधून घ्यायला. सासरे रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत होते. त्यांच्या सामानात ही निघाली. चौथ्या आणि पाचव्याच्या मधली आहे म्हणतात. बाहेर कधी आलीच नाही.”

खोलीत अशी शांतता पसरली की तक्त्यावरची सगळ्यात बारीक अक्षरंसुद्धा ऐकू यावीत.

“नंबर?” सरांनी खिशातून भिंग काढलंही.

“नंबर नाही, नुसतं कोरं लेबल. आणि हात मीच लावणार, तशी अट आहे त्यांची. संपता संपता सुईही मीच उचलणार.”

“बरोबर आहे,” नळवाला म्हणाला, “माझी असती तर मीही कुणाला श्वास घेऊ दिला नसता.”

तिनं सुई ठेवली. पहिल्या सुरालाच नळवाल्यानं डोळे मिटून घेतले. दोन मिनिटांनी सर बोटांवर मात्रा मोजायला लागले, सात, सात, आणि मग अकरा. त्यांच्या चेहऱ्यावर वर्गातलं सगळ्यात अवघड गणित सुटल्यासारखं हसू. ऑर्गन सुरू झाला तेव्हा तर त्यांना राहवेना, नियम मोडून ते कुजबुजले, “तोच हात! हा हात दुसऱ्याचा असूच शकत नाही!” हा दुसऱ्याचाच होता, भांडून गेलेल्याच्या जागी आलेल्याचा. ताईनं ओठ दाताखाली धरले. ऑपरेटरबाई मात्र पुटपुटल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळून त्या सरळ बसून राहिल्या होत्या, सहा वर्षांत पहिल्यांदाच जाग्या.

मग ती जागा आली. सगळी वाद्यं एकदम थांबतात. ढोल पुन्हा कधी येणार, हे नवख्याला सांगताच येत नाही. तो फसतो, मान आधी तरी हलवतो नाहीतर उशिरा. या रेकॉर्डवर त्या शांततेत ओरखड्याचे तीन आवाज होते, खट, खट, खट, आणि मग ढोल. सरांची मान आधी हलली. नळवाल्याचा पाय उशिरा पडला.

अध्यक्षाचं बोट खुर्चीच्या हातावर तीन वेळा पडलं. खटच्या मागून नाही. नेमकं खटच्या बरोबर. आणि चौथ्यांदा ढोलावर.

ते ताईनं पाहिलं. पण वेळ नव्हता. शेवटचा सूर विरत आला होता, तिनं वाकून सुई उचलली.

“बोला,” ती म्हणाली.

सर उभेच राहिले. “बोलायचं काय? हे पाचव्याच्या तोडीचं आहे. नाही, मी तर म्हणतो, काकणभर सरसच!”

“ते मधलं थांबणं,” नळवाला म्हणाला. “बाप रे. मेन कॉक बंद केल्यावर पाइपात जशी शांतता होते ना, तशी. पाणी आत आहे हे कळतंय, पण…” त्याला पुढे सांगता येईना.

“आणि यांनी हे बाहेर काढलं नाही! आणि नंतर ती पेन्शन काढत बसले!” सर म्हणाले. “अध्यक्ष, तुम्ही बोला.”

अध्यक्ष पुढे झुकला. तो ताईच्या हाताकडे बघत होता.

तिनं पिशवीतून डबी काढली. डबीतला ओला स्पंज पिळला आणि पांढऱ्या कागदावर गोल गोल फिरवला. कागद सुटला. सुरकुतीसुद्धा नव्हती. खालचं निळं लेबल दिसलं, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते निळं लेबल माहीत होतं, त्यातलं काही ऐकलेलं नसलं तरी.

“नववा,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. आता पुटपुटल्या नाहीत.

“म्हणूनच,” सर खाली बसत म्हणाले, “म्हणूनच मला तो ऑर्गन जरा… म्हणजे मी म्हणणारच होतो…”

“सर, तोच हात म्हणालात तुम्ही. मी इथे बसलेय.”

“ताई, ही काय पद्धत झाली? फसवणूक आहे ही.”

“हो, आहे,” ताई म्हणाली. आवाज तिला वाटलं होतं तितका चढला नाही, उलट अगदी गार निघाला, आणि तो गारपणा तिला आवडला. “तुम्ही गप्प बसा, सर. स्टुलावरून तुम्ही पडला होता हसता हसता. आणि तुम्ही, नळवाले, तुम्ही आत्ता डोळे पुसलेत, मी पाहिलं. दुकानात जा, थेंब देतील.”

नळवाल्यानं मान खाली घातली. हा टोला कुठून आला ते सगळ्यांना कळलं होतं.

ती खुर्चीकडे वळली. “अध्यक्ष, तुमच्यासाठी आणलीय ही. चौदा तळटिपा दिल्या होत्यात. आता पंधरावी द्या. सगळ्यांसमोर, खुर्ची आणखी वर घ्यायची असेल तर घ्या. कसा आहे नववा?”

“झालं गेलं आता, ताई,” सर म्हणाले. “ते प्रकरण…”

“प्रकरण नाही. माझा भाऊ आहे.”

तो शब्द या खोलीत सहा वर्षांत उच्चारला गेला नव्हता. नळवाला दाराकडे बघायला लागला. ऑपरेटरबाईंनी पदर सोडला.

“मला माहीत होतं,” अध्यक्ष म्हणाला.

“काय?”

“नववा आहे ते. पहिल्या सुरालाच कळलं.”

“आता सगळेच म्हणतील तसं,” नळवाला दाराकडे बघतच म्हणाला.

“नववा आहे हे पहिल्या सुराला कळलं,” अध्यक्ष पुन्हा म्हणाला, शाळेतल्यासारखं सावकाश. “आणि तुमच्या भावाची प्रत आहे, हे त्या तीन खटला कळलं. तो ओरखडा माझ्या हातचा आहे.”

ताईला हे माहीत नव्हतं. धाकट्यानं कधी सांगितलं नव्हतं. तिच्या हातातल्या स्पंजातून पाणी टपकत होतं, ते स्टुलावर पडत होतं, आणि ती हात सरळ करायला विसरली.

“बोला पुढे,” ती म्हणाली.

“ज्या दिवशी ती घेतली, त्याच दुपारी तो इथे घेऊन आला. कामाचा दिवस होता. मी शटर अर्धं ओढलं. बाहेर एक गिऱ्हाईक चष्म्याची वाट बघत तासभर बसलं आणि शिव्या देऊन गेलं. आम्ही तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा सुई ठेवताना माझा हात थरथरला. घसरली.”

“थरथरला का?”

“थंडी होती.”

“अध्यक्ष.”

“बरं, नव्हती थंडी.” त्यानं दट्ट्या दाबला. खुर्ची सुस्कारा टाकत खाली आली, सगळ्यांच्या स्टुलांइतकी. “हे बघा, ऑर्गनवाला गेल्यानंतर बँडचा जो मूळ विचार होता, त्याच्या दृष्टीनं पाहिलं तर सहाव्यापासून…”

“विचार नको. कसा आहे नववा?”

“चांगला आहे.”

हेच ऐकायला ती सहा वर्षं बसली होती. आता ते कानावर आलं, तर ती तशीच उभी राहिली, पुढचा पाय कुठे टाकायचा हे न कळल्यासारखी. आनंद कुठे होता? तिला राग आला, मघाशी होता त्याहूनही जास्त.

“चांगला आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला कळलं होतं, चांगला आहे. त्याच दिवशी. आणि तरी तुम्ही ते सगळं लिहिलंत? तो वेडा तुमच्यावर विश्वास टाकून लेख देऊन गेला. त्याला वाटलं असेल, यांना तर ठाऊकच आहे, हे तर माझ्याबरोबर होते. आणि इतकी वर्षं मला एकदाही त्यानं सांगितलं नाही की तुम्ही तेव्हा त्याच्याबरोबर ऐकत होतात. तुमची अब्रू त्यानं राखली, अध्यक्ष! का? का लिहिलंत?”

“जाऊ दे ना, ताई,” सर हळूच म्हणाले.

“नाही, सांगू दे त्यांना,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. “आपणही हसलो होतो. आपल्यालाही कळू दे कशाला हसलो ते.”

अध्यक्षानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता. डोळ्यांच्या बाजूला दोन खळगे होते, आणि तो एकदम घरातल्या माणसासारखा दिसायला लागला. काचा पुसायला त्यानं रुमाल शोधला, सापडला नाही, शर्टाच्या टोकानं पुसल्या. पुसून झाल्यावरही चष्मा डोळ्यांवर चढवला नाही.

“तिसऱ्यांदा वाजून झाल्यावर मी तोंड उघडणार होतो,” तो म्हणाला. “तेवढ्यात तोच बोलला. अडखळत, तुम्हाला माहीत आहे तो कसा बोलतो ते. पण मला जे म्हणायचं होतं तेच. म्हातारे झालेत आणि लपवत नाहीत. शब्दाला शब्द. माझ्या खोलीत, माझ्या प्लेअरवर, माझ्या आधी. मग मी म्हणालो, छे, पेन्शन आहे. आणि लेख आला तेव्हा त्याच्याखाली तेच लिहीत गेलो. त्याला आधी कळलं, ताई. त्याचं दुसरं काहीच चुकलं नव्हतं.”